मराठी वस्तीत जॅझची संध्याकाळ ठेवली तर तिकीट काढून कोण येणार?

तुम्ही विचारलंय की वाचनालयाच्या निधीसाठी मंडळातली तरुण मुलं जॅझचा कार्यक्रम ठेवा म्हणताहेत, पण आपल्याकडे ते ऐकणार कोण, त्यापेक्षा भावगीतं परवडली नाहीत का?

परवडतील की. भावगीतं कधीही परवडतात. फक्त तुमच्या भागातला या हंगामातला तो चौथा कार्यक्रम असेल आणि निम्मे लोक फुकट पास मागतील. जॅझचा पहिलाच असेल.

आम्ही ठाण्यात, शाळेच्या प्रयोगशाळेसाठी, माजी विद्यार्थ्यांनी मिळून हा उद्योग दोनदा केला. मी हिशेब लिहिणारा. सनई आणि सॅक्सोफोन कानाने वेगळे ओळखता येतात, एवढंच माझं संगीताचं ज्ञान. त्यामुळे आधी पैशाचं सांगतो.

पहिल्या वर्षी चार वादकांचे ३२ हजार, साउंडवाल्याचे १४ आणि हॉलचे ९, असे ५५ हजार गेले. तिकीट ३०० रुपये, खपली १३०. म्हणजे ३९ हजार. शाळेला द्यायचं राहिलं बाजूला, आम्हा चौघांनाच खिशातून चार-चार हजार भरावे लागले. बायकोने दोन दिवस काही विचारलं नाही, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या वर्षी उलटा क्रम लावला. तिकीटविक्री सुरू व्हायच्या आधी एक सराफ, एक दातांचे डॉक्टर आणि स्मरणिकेतल्या जाहिराती यांतून सगळा खर्च उभा केला. मग तिकिटावर छापता आलं की तुमचा रुपयान् रुपया प्रयोगशाळेला जाणार. या एका ओळीने १८० तिकिटं खपली. शिवाय मध्यंतरात वडापावच्या टेबलाशेजारी डबा ठेवला होता. एका आठवीतल्या मुलीने उभं राहून शाळेत एकच सूक्ष्मदर्शक कसा वर्गभर फिरतो ते सांगितलं, आणि त्या डब्यात २३ हजार जमले. भाषण मुख्याध्यापकांना दिलं असतं तर लोक चहाला गेले असते.

‘चांगल्या कामासाठी आहे, जरा फुकट वाजवा ना’ असं वादकांना चुकूनही म्हणू नका. आपण साउंडवाल्याला असं म्हणतो का? मांडववाल्याला? दान तुमचं आहे, त्यांचं ते पोट आहे. त्यांना ठरलेलं मानधन पाकिटात घालून द्या. आमच्या ड्रमरने नंतर त्यातले दोन हजार आपणहून डब्यात टाकले, ती गोष्ट वेगळी.

आता ऐकणार कोण, हा तुमचा खरा प्रश्न. अहो, मराठी माणूस जॅझ ऐकतच मोठा झालाय, फक्त त्याला कुणी सांगितलं नाही. सी. रामचंद्रांचं ‘अलबेला’मधलं ‘शोला जो भडके’ आठवा, भगवानदादांचं. १९५१ सालचं. रामचंद्रांच्या जोडीला तेव्हा चिक चॉकलेट होता, मूळचा गोव्यातल्या हळदोण्याचा अंतोनियो शाविएर वाझ, मुंबईच्या हॉटेलांत जॅझचा बँड चालवणारा ट्रंपेटवाला. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्य स्वरलिपी, वाचणारे असे कितीतरी गोवेकर तेव्हा रात्री हॉटेलात आणि दिवसा रेकॉर्डिंगला वाजवत. पुढे १९७८ साली धोबीतलावच्या रंगभवनात ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला, पहिल्याच वर्षी अमेरिकेचा नामवंत सॅक्सोफोनवाला सॉनी रोलिन्स वाजवून गेला. (ते रंगभवन नंतर शांतता क्षेत्राच्या नियमात अडकून मुकं झालं. तुमचा हॉल इस्पितळाच्या किंवा शाळेच्या शंभर मीटरांत असेल तर उघड्यावर कार्यक्रम करायचा विचारही नको. एरवीही उघड्यावर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद.)

सुरुवातीला निवेदकाने पाच मिनिटं घ्यावीत, जास्त नको. आमच्या निवेदिकेने एवढंच सांगितलं: आधी सगळे मिळून धून वाजवतात, तो मुखडा समजा. मग एकेक जण त्या धूनच्या चौकटीत आपली बढत करतो आणि शेवटी सगळे पुन्हा मुखड्यावर येतात. एकाची बढत संपली की टाळी द्यायची, तबल्याच्या तिहाईला देतो तशी. बस. पुढच्या रांगेतले आजोबा त्यानंतर प्रत्येक सोलोला मान डोलवत ‘वा’ म्हणत होते, आणि सॅक्सोफोनवाला पोरगा त्यांच्याकडे बघूनच वाजवायला लागला.

कार्यक्रमात ‘टेक फाइव्ह’ जरूर घ्या. पाच मात्रांचं आहे, तीन आणि दोन अशी विभागणी, त्यामुळे झपताल ऐकलेल्या कानाला ते परकं वाटत नाही. आणि त्याची गोष्ट तुमच्या कामाची आहे. ते रचलं सॅक्सोफोनवाल्या पॉल डेस्मंडने, १९५९ साली पियानोवाल्या डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीसाठी. १९७७ साली वारला तेव्हा त्याने मृत्युपत्रात त्या धूनची रॉयल्टी अमेरिकन रेड क्रॉसला लिहून दिली होती. हे सांगून मग वाजवायला लावा, आणि त्यानंतर लगेच मध्यंतर घ्या.

घरात कुणी ज्येष्ठ ‘हे काय नवीन खूळ’ म्हणालं तर त्यांना ‘संयुक्त मानापमान’ नाटकाच्या प्रयोगाची आठवण करून द्या. ८ जुलै १९२१, बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर, टिळक स्वराज्य फंडासाठी. कामासाठी तिकीट काढून गाणं ऐकायची सवय आपल्याला शंभर वर्षांची आहे.

पैसे कुणाच्या खात्यात जाणार, हे मात्र पहिल्या बैठकीत ठरवा. १९७१ साली न्यूयॉर्कला रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशी निर्वासितांसाठी केवढा मोठा कार्यक्रम केला. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला पोचले, पण करमाफीची सोय आधी करून ठेवली नव्हती म्हणून रेकॉर्ड आणि चित्रपटाचा पैसा वर्षानुवर्षं कराच्या भानगडीत अडकून पडला. तुमचं वाचनालय नोंदणीकृत न्यास असेल तर त्याच्याच खात्यात, त्याच्याच पावतीपुस्तकावर घ्या. कुणा उत्साही सभासदाच्या फोनवरचा क्यूआर कोड नको. तिकीट ५०० रुपयांपर्यंत ठेवलंत तर जीएसटीचीही कटकट नाही.

आणि ड्रमखाली जाड सतरंजी टाका. आमच्या हॉलचा रंगमंच गुळगुळीत फरशीचा. पहिल्या वर्षी मध्यंतरापर्यंत बेस ड्रम हातभर पुढे सरकला होता आणि ड्रमर बिचारा प्रत्येक गाण्यानंतर स्टूल ओढत त्याच्या मागे.