भरून पावलो, तक्रार नाही

प्रश्न आला आहे: "बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात ढोंग्यांविषयी 'ते आपले प्रतिफळ भरून पावले आहेत' असं म्हटलंय. भरून पावणं तर चांगलं ना? मग ही निंदा कशी? भाषांतर चुकलंय का?"

भाषांतर मुळीच चुकलेलं नाही. चुकतं ते आपलं वाचन, आणि ते मी दर वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, ऐकतो. त्या दिवशी चर्चमध्ये हाच उतारा असतो (लोकांनी पाहावं म्हणून दान, प्रार्थना, उपास करणाऱ्यांना येशू इथे ढोंगी म्हणतो), आणि मग कोणीतरी 'भरून'चं 'भरभरून' करून मोकळा होतो: "बघा, परमेश्वर ढोंग्यालासुद्धा भरभरून देतो, मग प्रामाणिक माणसाला किती देईल!" अहो, उतारा नेमकं उलटं सांगतोय. भरभरून म्हणजे मापाबाहेर. भरून म्हणजे मापाइतकं, पुढे बाकी शून्य.

'ढोंगी'च्या जागी मूळ ग्रीकमध्ये नटाचा शब्द आहे, हे आता सगळेच सांगतात, त्यात मी वेळ घालवत नाही. गंमत पुढच्या क्रियापदात आहे.

आमच्या घरी आजोबांच्या वेळचं एक खरेदीखत आहे. घड्यांवर फाटलंय, पण शेवटच्या ओळी स्वच्छ वाचता येतात: "सदरहू रक्कम आम्हांस रोख मिळाली, भरून पावलो, तक्रार नाही." त्याखाली विकणाऱ्याचा अंगठा. एवढं लिहून दिलं की त्या जमिनीवर त्याचं काही उरत नाही. उद्या तो दारात येऊन "आणखी द्या" म्हणाला, तर त्याच्यासमोर हाच कागद धरायचा.

मत्तयाच्या ग्रीकमध्ये इथे 'अपेखो' हे क्रियापद आहे, आणि त्याच अध्यायात तीनदा आहे: दानाबद्दल, प्रार्थनेबद्दल, उपासाबद्दल. मिसरच्या वाळूत सापडलेल्या पपायरसांवर आणि खापरांवर हाच शब्द पावत्यांमध्ये येतो: इतकी रक्कम, इतका कर, 'अपेखो', म्हणजे भरून पावलो. आडोल्फ डाइसमान या जर्मन पंडिताने विसाव्या शतकाच्या आरंभी हे ठासून दाखवलं. ज्याने कोणी मराठीत इथे 'भरून पावणे' आणलं, त्याच्या कानात कुळकर्ण्याच्या दप्तराची भाषा होती, असं मला ठाम वाटतं. 'त्यांना त्यांचं बक्षीस मिळालं' असं सोपं करणारे सगळा जीवच काढून घेतात.

आणि आपलं 'पावणे' तर ग्रीकच्याही पुढे गेलंय. संस्कृत 'प्राप्', प्राकृत 'पाव', आणि मग 'पावणे'. पोचणेही तेच, मिळणेही तेच. त्यातूनच 'पावती', त्यातूनच 'देव पावला'. ('पाहुणा' मात्र यातला नाही. त्याची व्युत्पत्ती 'प्राघूर्ण'कडे जाते. 'पावतो तो पावणा' ही जुळवाजुळव आता पुरे.) पावती आणि पावणारा देव एकाच धातूतून निघावेत, हे मराठीत फार सुंदर जमलंय. ज्याला लोक पावले, त्याने पावतीवर अंगठा उठवला. आता देवाने पावायचं काय शिल्लक राहिलं?

एका सभागृहात प्रार्थनेला बसलो होतो. पंखा बंद होता म्हणून पात्यांवरची अक्षरं वाचता आली: 'सप्रेम भेट', पुढे दात्याचं पूर्ण नाव, तिन्ही पात्यांवर तेच. बाकांच्या पाठींवरही नावं. दान खरं आहे, वारा खरा आहे, त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण डाव्या हाताला कळू नये म्हणून जे उजव्या हाताने द्यायचं, ते तिन्ही पात्यांवर रंगवलं की ती पावतीच झाली. मी स्वतः वर्गणीच्या यादीत माझं नाव आधी शोधतो. तेव्हा हा शब्द मलाही लागू आहे.

आता माझा आवडता मुद्दा, ज्यावरून कोशवाले माझ्याशी भांडतात. मत्तयाच्याच पंधराव्या अध्यायात येशू पुन्हा "अहो ढोंग्यांनो" म्हणतो आणि जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याचं वचन सांगतो: हे लोक ओठांनी माझा मान राखतात, पण त्यांचं अंतःकरण माझ्यापासून दूर आहे. हे 'दूर असणे' ग्रीकमध्ये कोणत्या क्रियापदाने सांगितलंय? अपेखो! कोशवाले म्हणतात, सकर्मक असताना 'भरून पावणे', अकर्मक असताना 'अंतरावर असणे', दोन अर्थ वेगळे ठेवा. ठेवा की तुमच्या रकान्यांत. ज्या कानांनी शुभवर्तमान सलग ऐकलं, त्यांनी रकाने पाडून ऐकलं नव्हतं. एकाच तोंडून, ढोंग्यांविषयीच, तोच शब्द दोन ठिकाणी: आपलं घेऊन झालं, आणि माणूस दूर गेला. हा योगायोग आहे असं कोणी कितीही पटवलं तरी मी मानणार नाही. लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या मुलगा परत येतो, 'तो दूर आहे तोच' बाप त्याला पाहतो आणि धावतो, तिथेही हेच क्रियापद. फरक एवढाच, की तो दूर असलेला मुलगा "तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही" हे घोकत येत होता, मान मिळवायला नव्हे.

हां, तुमचा प्रश्न. भरून पावणं वाईट का? नाही. येशूचा प्रेषित पौल तुरुंगात असताना फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीने एपफ्रदीत या आपल्या माणसाच्या हाती मदत पाठवली. उत्तरात पौल हाच शब्द लिहितो, अपेखो, सगळं भरून पावलो. पावती माणसांना माणसाने दिली आहे, तीही घेणाऱ्याने, देणाऱ्यांनी नव्हे. आणि लगेच पुढच्या ओळीत तो त्यांना लिहितो, की तुमची गरज माझा देव पुरवील.