वाचकांचे प्रश्न : खाणीवरची मुले आणि मे महिन्यातला समुद्र

प्रश्न : आम्ही काही मैत्रिणी तुर्भ्याच्या दगडखाणींलगतच्या वस्तीत संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतो. वस्तीतली बरीच कुटुंबे वडार आणि बंजारा समाजातील असून आईवडील खडी फोडण्याच्या किंवा नाक्यावर मिळेल त्या कामावर जातात. एका ख्रिस्ती विश्वस्त संस्थेचे अलिबागच्या बाजूला समुद्रकाठी हॉलिडे होम आहे. येत्या मे महिन्यात आठ ते बारा वर्षांच्या मुलांना एक आठवडा तेथे विनामूल्य नेण्याची तयारी संस्थेने दाखवली आहे. काही पालकांना धर्मांतराची शंका वाटते, काहींना मुले बुडण्याची भीती वाटते. माझ्या सासूबाईंचे म्हणणे असे, की ज्यांना दोन वेळचे धड मिळत नाही त्यांना समुद्र दाखवून काय साधणार, त्यापेक्षा तेवढ्याच पैशांत वह्या-पुस्तके द्यावीत. आम्ही मुलांना पाठवावे का?
– एक वाचक, वाशी

उत्तर : सासूबाईंच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण इतर दोन शंकांवर उपाय आहेत, पण या प्रश्नाचे उत्तर आधी आपल्या मनाशी पक्के असावे लागते. वह्या-पुस्तके हवीतच. परंतु आपल्या घरांतली मुले वार्षिक परीक्षा संपली की आजोळी जातात, आंब्याचा रस ओरपतात, दिवसभर हुंदडतात, आणि त्याला आपण चैन म्हणत नाही; मग खाणीवरच्या मुलाने आठ दिवस तेच केले तर ती उधळपट्टी का वाटावी? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेतील ३१व्या कलमाने विश्रांती, खेळ आणि विरंगुळा हा प्रत्येक मुलाचा हक्क मानला आहे आणि भारताने ती संहिता १९९२मध्ये स्वीकारली आहे. शिवाय ज्यांचे गावाकडे घर उरलेले नाही, त्यांच्या मुलांसाठी मे महिना हा वर्षातला सर्वांत कठीण महिना असतो. शाळा बंद म्हणजे शाळेतली खिचडीही बंद, आईवडील कामावर, धाकटे भावंड कडेवर आणि भोवती क्रशरची धूळ. ज्या आठवड्यात त्या मुलाला तीन वेळा पोटभर जेवण, स्वच्छ हवा आणि कोणाचीही जबाबदारी नसलेले दिवस मिळतात, तो आठवडा वह्यांच्या हिशेबात मोजता येत नाही.

अशा सुट्टीची कल्पना युरोपात प्रथम रुजली ती औषध म्हणून. इंग्लंडमध्ये मार्गेट येथे १७९१ साली डॉ. जॉन कोकली लेट्सम या क्वेकर पंथाच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने गरिबांसाठी समुद्रस्नानाचे रुग्णालय उभारण्याचे ठरले, कारण गंडमाळेसारख्या क्षयाच्या प्रकारांवर खारी हवा आणि ऊन गुणकारी आहे असा त्या काळचा समज होता. पुढे गिरण्यांच्या शहरांतील अंधाऱ्या चाळींत वाढणाऱ्या मुलांची कृश शरीरे पाहून अनेक पाद्र्यांनी हे काम हाती घेतले. झुरिकचे पाद्री वाल्टर बिओन यांनी १८७६मध्ये ६८ मुलांना आपेन्झेलच्या डोंगराळ भागात नेले, तर १८७७मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या एका लहानशा गावातील पाद्री विलर्ड पार्सन्स यांनी आपल्या मंडळीतील कुटुंबांना न्यूयॉर्कच्या गरीब मुलांना सुट्टीत घरी ठेवून घेण्याची विनंती केली. ऑस्ट्रेलियात १९२४ साली स्टॅन्ली ड्रमंड या मेथडिस्ट पाद्र्यांनी न्यू साउथ वेल्सच्या रुक्ष पश्चिम भागातील मुलांना सिडनीजवळच्या मॅन्ली येथे समुद्रावर आणण्याची योजना सुरू केली. त्या योजनेचा एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो : मुले समुद्रावर आली की त्यांचे डोळे, दात आणि प्रकृती तपासून घरी राहून न मिळणारे उपचारही केले जात. आपल्या मुलांना नेणाऱ्या संस्थेला आपण हे अवश्य सुचवावे. खाणीच्या धुळीत वाढणाऱ्या मुलांची छाती आणि डोळे एकदा डॉक्टरांनी नीट पाहिले, तर त्या आठवड्याचा उपयोग वर्षभर होईल.

पाश्चात्त्य देशांत पुढे अशा घरांची गरज बरीच कमी झाली, आणि त्यामागे एक मोठे कारण असे, की आईवडिलांनाच पगारी सुट्टी मिळू लागली. फ्रान्समध्ये १९३६ साली आणि ब्रिटनमध्ये १९३८ साली तसे कायदे झाले. आपल्याकडेही पगारी रजेचे कायदे आहेत, पण मुकादमामार्फत रोजंदारीवर किंवा उक्त्या कामावर जाणाऱ्या माणसापर्यंत ते पोहोचत नाहीत. एक दिवस खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. तुर्भ्याचे वडील मुलाला समुद्रावर नेत नाहीत ते त्यांना माया नाही म्हणून नव्हे, हे संस्थेच्या कार्यकर्त्यांनाही आधीच सांगून ठेवावे. ‘यांच्या घरी काहीच नाही’ अशा सुरात मुलांशी बोलणारा कार्यकर्ता कितीही भला असला तरी त्याच्या हाती मुले देऊ नयेत.

आता धर्माविषयी. शंका आडवळणाने कुजबुजत राहण्यापेक्षा संस्थेला समोर बसवून विचारावी. ते घर श्रद्धेपोटी उभे राहिले आहे, भिंतीवर क्रूस असणार, जेवणापूर्वी यजमान प्रार्थना म्हणणार. हे लपवण्याचे कारण नाही आणि आपणही त्यावर रुसण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. मूल त्या वेळी गप्प बसू शकते का? रविवारच्या उपासनेला न गेलेल्या मुलांसाठी दुसरे काही ठेवले आहे का? धार्मिक पुस्तके किंवा पदके घरी नेण्यासाठी दिली जाणार आहेत का? राज्यघटनेच्या २८व्या कलमाने मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणात सहभागी करून घेण्यास मनाई केली आहे. हॉलिडे होम ही शाळा नव्हे, पण तोच दंडक येथे लावावा आणि संस्थेकडून लेखी घ्यावा. लंडनच्या व्हाइटचॅपल वस्तीत पाद्री सॅम्युएल बार्नेट आणि त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांच्या पुढाकाराने १८८४मध्ये गरीब मुलांच्या सुट्टीसाठी निधी सुरू झाला, तेव्हा त्या भागात ज्यू कुटुंबे मोठ्या संख्येने होती. त्यांचा आहार आणि धर्माचार सांभाळता यावा म्हणून पुढे त्या निधीची ज्यू मुलांसाठी वेगळी शाखा चालली. पाद्र्याने सुरू केलेल्या कामात दुसऱ्याच्या धर्माचा मान राखता येतो, याचे हे जुने उदाहरण त्या संस्थेलाही आवडेल. प्रामाणिक संस्था असे प्रश्न विचारल्याबद्दल नाराज होत नाही, आणि नाराज झाली तर आपल्याला उत्तर मिळाले.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. संस्थेची नोंदणी आणि दरवर्षीचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असतात, ते पाहावेत. पालकांचे संमतिपत्र त्यांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवावे, नुसता अंगठा घेऊ नये. मुलांपैकी कोणी बालगृहातील असेल, तर बालगृहाच्या अधीक्षकांमार्फत बालकल्याण समितीची लेखी परवानगी घ्यावी. मुलांबरोबर राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाचे नाव आणि पोलीस पडताळणी मागावी, १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा दूरध्वनी क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्यावा, आणि आपल्या गटातील दोघींनी पूर्ण आठवडा सोबत राहावे. ही शेवटची अट संस्थेला मान्य नसेल, तर कितीही सुंदर घर असले तरी मुले पाठवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

बुडण्याची भीती खरी आहे आणि तिची थट्टा करू नये. ऐरोलीच्या पुलावरून किंवा वाशीच्या गाडीतून ही मुले खाडी पाहतात, पण खाडीचा चिखल आणि समुद्राची लाट यांत फार अंतर आहे. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब असा, की तिथीला पाऊणने गुणावे : पंचमीला साधारण पावणेचार वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता, आणि भरतीपासून सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, पाणी जोराने चढते आणि तितक्याच जोराने ओढून नेते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि ओढ कमी असते. म्हणून शक्य तर अष्टमी मध्ये येईल असा आठवडा निवडावा, आणि तोही मेच्या पहिल्या पंधरवड्यातला, कारण महिनाअखेरीस वारे फिरून समुद्र खवळू लागतो. अष्टमीच्या सुमारास दुपारी उन्हे कलल्यावर पाणी चढत असते, ती वेळ चांगली. ओहोटी लागल्यावर कोणालाही पाण्यात ठेवू नये. गुडघाभर पाण्याची मर्यादा असावी, आणि मोठ्या माणसांनी काठावर उभे न राहता मुलांच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूला, मुलांकडे तोंड करून उभे राहावे. गावातील पोहणाऱ्या कोळी तरुणांना मोबदला देऊन बोलवावे. हिशेब काहीही सांगो, ते ‘आज नको’ म्हणाले तर त्या दिवशी वाळूतच खेळावे.

भरतीची ही वेळ मुलांना फार लवकर समजते. ज्यांच्या वस्तीत नळाला किंवा टँकरला पाणी ठरावीक वेळी येते, ती मुले समुद्रावर पहिल्याच दिवशी ‘इथे पाणी किती वाजता येतं?’ असे विचारतात, आणि त्यांना तिथीचा हिशेब शिकवला की दुसऱ्या दिवशीची वेळ स्वतः काढतात. पाऊणकीचा पाढा इतक्या आनंदाने घोकलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

दिवसांपेक्षा रात्रींची तयारी अधिक करावी लागते. पाचजणांच्या गोधडीत झोपणारे मूल लोखंडी खाटेवर एकटे झोपत नाही. गाद्या जमिनीवर ओळीने घालाव्यात आणि भावंडांना वेगळे करू नये. पहिली रात्र नवलाईत जाते, दुसऱ्या रात्री घर आठवते. संध्याकाळी प्रत्येक मुलाचे आईशी फोनवर बोलणे व्हावे, रडते म्हणून फोन टाळू नये. अंथरूण ओले झाले तर सकाळी कोणाच्या लक्षात येण्यापूर्वी चादर बदलावी. काही मुले पोळी किंवा बिस्किटे उशीखाली ठेवतात. त्यांना चोर म्हणू नये, की सगळ्यांसमोर उशी झाडू नये. प्रत्येक जेवणात ‘आणखी घे’ म्हटले आणि खरोखर वाढले, की तीन-चार दिवसांत उशीखाली काही सापडत नाही.

तेव्हा सासूबाईंना सांगावे, की वह्याही देऊ आणि समुद्रही दाखवू. जमल्यास त्यांनाच सोबत न्यावे. मुलांना रात्री गोष्ट सांगायला आजी लागतेच.

प्रश्न : ठाण्यातील आमच्या चर्चमधील तरुण मंडळी अशाच सहलीची तयारी करत आहेत. देणगीदारांना मुलांची छायाचित्रे हवी आहेत आणि शेवटच्या दिवशी मुलांनी आभाराचा कार्यक्रम करावा अशी त्यांची इच्छा आहे. मंडळीतील काही ज्येष्ठांना रोज संध्याकाळी येशूच्या गोष्टी सांगायच्या आहेत. आम्हाला दोन्ही गोष्टींत अवघडल्यासारखे होते.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपले अवघडलेपण योग्य आहे आणि ते मंडळीत मोकळेपणाने मांडावे. आभाराचा कार्यक्रम ठेवू नये. ज्या मुलाला घरी परतायचे आहे, ज्याला पुढच्या वर्षी बोलावतील की नाही हे ठाऊक नाही, त्याला रांगेत उभे करून ‘थँक्यू’चे गाणे म्हणायला लावले, की मिळालेला सारा आठवडा त्याच्या खात्यावर उधारीत जमा होतो. या हाताचे त्या हाताला कळू नये असे दान, ही शिकवण आपल्या मंडळीला मी सांगण्याची गरज नाही. शेवटच्या दिवशी मुलांना काही सादर करायचेच असेल तर त्यांनी आपल्या बोलीतली गाणी म्हणावीत आणि यजमानांनी खाली बसून ऐकावीत. देणगीदारांना खर्चाचा चोख हिशेब आणि रिकाम्या समुद्राचे, घराचे, शिजलेल्या जेवणाचे छायाचित्र पाठवावे; चेहरे ओळखू येतील अशी मुलांची छायाचित्रे पुस्तिकेत किंवा मोबाइलवरून कोठेही जाऊ देऊ नयेत. मुलांची छायाचित्रे काढावीत ती त्यांच्याच घरी देण्यासाठी, छापून, प्रत्येकाला एक. वस्तीतील अनेक घरांत मुलाचे लहानपणीचे एकही छायाचित्र नसते.

गोष्टींबाबत ज्येष्ठांची तळमळ मी समजू शकते. ज्या पालकांनी तशी संमती दिली असेल आणि ज्या मुलाला ऐकावीशी वाटेल, त्याला सांगाव्यात; पण गोष्टीची वेळ आणि खाऊची वेळ एक ठेवू नये, कारण मग मूल गोष्टीला आले की खाऊला आले हे कोणालाच कळत नाही. त्याच वेळी पलीकडे कॅरम आणि चेंडू मांडलेले असावेत, आणि तिकडे गेलेल्या मुलाला कोणी ‘का आला नाहीस’ असे विचारू नये. माझा आग्रह इतकाच, की पहिले दोन दिवस केवळ आदरातिथ्याचे असावेत. आपल्या श्रद्धेविषयी मुलांना जे कळायचे ते ताटात वाढणाऱ्या हातांवरून कळते, आणि ते त्यांच्या लक्षातही राहते.

प्रश्न : अशा मुलांसाठी घरातील जुने कपडे द्यायचे आहेत. कोठे द्यावेत?
– एक वाचक, कळवा

उत्तर : आधी संस्थेला विचारावे, परस्पर गाठोडे नेऊन ठेवू नये. समुद्रावर जाणाऱ्या मुलाला पाण्यात घालायची एक चड्डी-बनियन किंवा फ्रॉक, रात्रीचा सुती कपड्यांचा जोड, टोपी, टॉवेल आणि पायात बसतील अशा चपला लागतात. धुऊन इस्त्री केलेले, बटणे शाबूत असलेले शर्ट चालतील. अंतर्वस्त्रे मात्र नवीच द्यावीत, आणि चपला देण्यापूर्वी प्रत्येक मुलाच्या पायाचे माप कागदावर घ्यावे. यांपैकी काही शक्य नसेल तर एका मुलाच्या बसभाड्याची रक्कम द्यावी. पेण-वडखळमार्गे जाण्यायेण्याचा खर्च हाच अशा संस्थांना बहुतेक वेळा कमी पडतो.