सासूबाईंच्या हातच्या गोधड्या ऑनलाइन विकायच्या आहेत. सुरुवात कुठून करू, किंमत किती ठेवू, जीएसटी लागेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की परभणीजवळच्या गावात राहता, सासूबाई आणि शेजारच्या दोघी गोधड्या शिवतात, आणि पहिल्या झटक्यात दहा मोठ्या गोधड्या करून फोटो टाकायचा विचार आहे. माझं स्पष्ट मत: दहा मोठ्या करू नका. तान्ह्या लेकराच्या दुपट्यापासून सुरू करा. कारण साडीच्या मापातच आहे.

साधी सुती साडी साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच लांब आणि सुमारे ४५ इंच रुंद असते. ३६ इंचांवर फाडत गेलात तर एका साडीचे बरोबर ६ तुकडे पडतात, चिंधीसुद्धा उरत नाही. दुपट्याला ४ थर पुरतात, म्हणजे दोन साड्यांत तीन दुपटी. कडा आत दुमडल्यावर माप साधारण ३४ बाय ४३ इंच येतं आणि वजन ३०० ग्रॅमच्या आसपास. पार्सल ५०० ग्रॅमच्या आत बसतं, तिथं पाठवणावळ कमी. मोठ्या गोधडीचं गणित वेगळं: ६० इंचांवर फाडून दोन-दोन तुकडे काठाला काठ जोडले तर ६० बाय ८८ चा एक थर होतो, ६ थरांना ४ साड्या लागतात, वजन दीड किलोच्या आसपास जातं. एक मोठी गोधडी बिघडली तर आठवड्याची मेहनत गेली. दुपटं बिघडलं तर दोनेक दिवसांची.

आता किंमत. लोक इथंच फसतात, कारण गोधडी "रिकाम्या वेळात" शिवली जाते आणि रिकाम्या वेळाचे पैसे कुणी धरत नाही. अंदाज नको, मोजा. सूत्र सोपं आहे: लांबी गुणिले रुंदी, भागिले दोन ओळींमधलं अंतर. टाके सरळ ओळीत घाला नाहीतर काठाकडून आत फिरवत न्या, एकूण लांबी तेवढीच येते. ३४ बाय ४३ च्या दुपट्यावर पाऊण इंचावर ओळी घातल्या तर १९५० इंच, म्हणजे सुमारे ५० मीटर धावदोरा होतो. सरावाचा हात मिनिटाला १० सेंटिमीटरच्या आसपास जातो, तासाला ६ मीटर. म्हणजे नुसत्या टाक्यांचे सव्वाआठ तास. फाडणं, थर लावणं, कडा दुमडणं यांचे दोन-अडीच तास वेगळे. सासूबाईंचा वेग घड्याळ लावून एकदा मोजा आणि माझ्या आकड्यांच्या जागी तुमचे घाला.

समजा ११ तास. तुमच्या गावात बाईला दिवसाची जी मजुरी मिळते, तिला कामाच्या तासांनी भागा. ३०० रुपये आणि ६ तास धरले तर ताशी ५०. मजुरी ५५०, साडीचे ६०, दोऱ्याचे २०, पिशवी-खोक्याचे २५, झाले ६५५. त्यावर १५ ते २० टक्के ठेवावेच लागतात, कारण एखादं परत येतं, एखादं डागाळतं, एखादं फोटोपुरतं राहतं. म्हणजे साडेसातशे ते आठशे, पाठवणावळ वेगळी. मोठी गोधडी, ओळी एक इंचावर, याच हिशेबाने एकवीसशे-बावीसशेला जाते, आणि ओळी अर्ध्या इंचावर घेतल्या तर टाक्यांचे तास दुप्पट. म्हणून "दाट टाका की विरळ" हे गिऱ्हाईकाला आधी विचारायचं आणि दर दोन ठेवायचे. यंत्रावरची रजई आठशेला मिळते, हे कुणीतरी म्हणणारच. त्या दराशी झुंजू नका. तिथं उतरलात की पहिली कात्री बायांच्या मजुरीला लागते.

कापड निवडताना खरी अडचण अशी की आता गावातल्या जुन्या साड्यांत सुती कमी आणि टेरिकॉट-जॉर्जेट जास्त. हाताला मऊ लागलं म्हणून सुती समजू नका. काठाजवळचा एक धागा ओढून काढा आणि पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, बोटानं चोळली की राख भुरभुर होते. पॉलिएस्टर वितळून आकसतो आणि थंड झाल्यावर टोकाला टणक काळा मणी राहतो. मिश्र धाग्यात दोन्ही दिसतं. ज्यात मणी झाला ते दुपट्यात नको: घाम शोषत नाही, थर एकमेकांवरून घसरतात आणि धुतल्यावर आतल्या आत गोळा होतात.

सुती निघाली तरी उजेडासमोर धरा. निऱ्यांचा आणि बसण्याचा भाग विरलेला असतो, तिथून उजेड जास्त येतो. दोन्ही अंगठ्यांत धरून ताणा. टर्र वाजलं तर तो भाग बाद किंवा फार तर आतल्या थराला. फॉल उसवून टाका, त्याची पट्टी बहुधा पॉलिएस्टरची असते आणि आत कडक राहते. जरीचा काठ दुपट्याला चालत नाही, बाळाला टोचतो. मोठ्या गोधडीला मात्र बाहेरून शोभतो.

नवं कापड लावायचं असेल, वरच्या थराला खण किंवा गोट म्हणून लाल पट्टी, तर आधी धुऊन आटवा. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, जुनं आटत नाही, आणि दोन्ही एकत्र शिवले की धुतल्यावर गोधडीचं तोंड वाकडं होतं. रंगासाठी एक तुकडा पांढऱ्या चिंधीसोबत कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा. चिंधी रंगली तर ते कापड वापरू नका. मीठ घातलं की रंग पक्का होतो असं सगळे सांगतात, पण गिरणीतल्या कापडाचा सुटणारा रंग घरच्या मिठाच्या पाण्यानं धरत नाही.

शिवताना सगळ्यात जास्त तक्रार येते ती झोळाची. मधोमध फुगा येतो, कडेला चुण्या पडतात. आपल्याकडं टाका काठाकडून सुरू होऊन फिरत-फिरत आत जातो, दिसायलाही तो देखणा. पण त्यात थरांमधला ढिलेपणा टाक्यागणिक मध्याकडं ढकलला जातो आणि शेवटी तिथं साचतो. उपाय कच्च्या टाक्यांत आहे. स्वच्छ फरशीवर सगळे थर एकाच दिशेनं, उभा धागा उभ्यावर, अंथरा. चारही कोपऱ्यांवर वजन ठेवा. मधोमधून बाहेरच्या दिशेला हातानं सपाट करत, दर ६ इंचांवर लांब कच्चे टाके घाला. मग पक्का टाका हवा तर काठापासून घ्या. कच्चा दोरा पांढराच; रंगीत दोरा उसवल्यावर त्याचे तंतू आणि कधी रंगही मागं राहतो.

पक्क्या टाक्याला जाड सुती दोरा. पॉलिएस्टरचा दोरा चिवट असतो, पण जुन्या मऊ कापडाला तो करवतीसारखा कापू शकतो. दोन वर्षांनी दोरा शाबूत आणि कापड ओळीनं फाटलेलं. सुईत दोन हातांपेक्षा लांब दोरा ओवू नका, पीळ पडून गाठी होतात. गाठ वर दिसू द्यायची नाही: सुई दोन थरांच्या मधून एक इंच आत नेऊन बाहेर काढा आणि हलका झटका द्या, गाठ आत जाते. दोरा फार ओढू नये. टाका घातल्यावर दोन बोटांनी ती ओळ पुढं सारून मोकळी करायची.

एक गोष्ट नेमानं करा. सुया मोजून द्या, मोजून घ्या, मोडलेलं टोकही परत घ्या. दुपटं तयार झालं की दोन्ही बाजूंनी लोहचुंबक इंच-इंच फिरवा. जुन्या स्पीकरमधलं जाड चुंबक यासाठी उत्तम. दुपट्यावर मणी, आरसे, लटकन काही नको. आणि साठवताना डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत. तो वास धुतला तरी जात नाही आणि ती वाफ तान्ह्या बाळांना घातक आहे. कडक उन्हात वाळवून, सावलीत पूर्ण गार होऊ देऊन सुती कापडात बांधा, सोबत सुकलेला कडुलिंबाचा पाला पुरेसा.

फोटो सकाळी आठ ते दहा, ओसरीच्या सावलीत. थेट ऊन नको, फ्लॅश नको, फोनमधलं रंग खुलवणारं फिल्टर बंद. प्रत्येक नगाचे पाच फोटो: पूर्ण अंथरलेलं, मागची बाजू, कोपरा, घडी घातलेलं, आणि टाक्यांचा जवळून घेतलेला, ज्यात एक रुपयाचं नाणं ठेवलंय. त्या नाण्यानं टाका किती बारीक आहे ते न सांगता कळतं. खाली लिहा: माप इंचात, थर किती, वजन, कोणतं कापड, धुण्याची पद्धत. आणि "वापरलेल्या, धुतलेल्या सुती साड्यांपासून" हे पहिल्या ओळीत. काहींना जुनं कापड चालत नाही. त्यांना आधीच कळलेलं बरं. ज्यांना आजीच्या लुगड्याचा मऊपणा माहीत आहे, ते त्याच ओळीसाठी घेतात. एखादा फिका डाग असेल तर त्याचाही फोटो टाका.

दुपट्यांवर हात बसला की दुसरं काम घ्या, आणि माझ्या मते तुमचा खरा धंदा तोच ठरेल: गिऱ्हाईकाच्या घरच्या साड्यांची गोधडी. आईच्या, आजीच्या साड्या कपाटात पडून असतात, टाकवत नाहीत आणि नेसवत नाहीत. पुण्या-मुंबईत शिवणारं माणूस मिळत नाही. कापडाचा खर्च तुमचा नसतो, आणि यंत्राशी तुलनाही होत नाही. पण जबाबदारी मोठी. साड्या आल्या की पार्सल उघडतानाच फोटो काढा, वजन करा, यादी पाठवा आणि "बरोबर आहे" असं उत्तर आल्याशिवाय कात्रीला हात लावू नका. कोणता पदर वर दिसायला हवा, कोणता काठ कोणत्या बाजूला, ते कागदावर काढून त्याचा फोटो पाठवा. प्रत्येकाच्या साड्या वेगळ्या पिशवीत, आत नावाची चिठ्ठी. उरलेले तुकडे परत द्यायचे. तो नियम मोडू नका. रेशमी साडी आली तर जुनं रेशीम घडीवर चिरतं, म्हणून तिला खालून सुती अस्तर लावल्याशिवाय शिवायचं नाही. निम्मे पैसे आधी.

पैसे यूपीआयनं घ्या, पण स्क्रीनशॉटवर माल सोडू नका. बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसले की मगच. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, कुणी टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. माल हातात पडल्यावर पैसे देण्याची सोय (सीओडी) सुरुवातीला नकोच, नाकारलेल्या पार्सलचा जाण्या-येण्याचा भुर्दंड तुमच्यावर.

पार्सलमध्ये आकाराचंही वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायची, बहुतेक कुरिअरवाल्यांचा हाच हिशेब. मोठी गोधडी सैल घडीत ४० बाय ३५ बाय २० झाली तर ५.६ किलोचे पैसे पडतात, खरं वजन दीड किलो असूनही. गुडघ्यानं दाबून, सुतळीनं बांधून ४० बाय ३० बाय १० केली तर २.४. आत प्लॅस्टिकची पिशवी, बाहेर जाड कापडी शिलाई किंवा खोका.

जीएसटीचं थोडक्यात: महाराष्ट्रात मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, तोवर राज्यातल्या राज्यात व्हॉट्सॲप-इन्स्टाग्रामवरून बिनधास्त विका. मोठ्या ऑनलाइन बाजारांवरही १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीशिवाय राज्यांतर्गत विक्री करता येते, फक्त पॅनवर एनरोलमेंट क्रमांक घ्यावा लागतो. राज्याबाहेरचा नियम कडक आहे. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना सूट आहे, तरी हैदराबादला पहिलं पार्सल पाठवण्याआधी करसल्लागाराला विचारा. उद्यम नोंदणी (लहान धंद्यांची सरकारी नोंदणी) फुकट होते, पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही. तिघी मिळून उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) बचत गटात असाल तर प्रदर्शनाची वाट तिकडून उघडते.

शेवटचा मुद्दा वेळापत्रकाचा, कारण मराठवाड्यात हाच बहुतेकांना आडवा येतो. गोधडीची मागणी दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, आणि नेमकी तेव्हाच सोयाबीनची काढणी संपून कापसाची वेचणी चालू असते. बीडकडच्या बाया तर ऊसतोडीला गेलेल्या असतात. दिवाळीत ऑर्डर घेऊन शिवायला बसलात तर हात मिळणार नाहीत. पावसाळ्यात कापड नीट वाळत नाही, कुबट वास धरतं. म्हणून साड्या धुणं, फाडणं, थर लावून कच्चे टाके घालणं हे सगळं मार्च ते मेमध्ये उरका. पक्का टाका पावसात घरात बसून घालता येतो. दसऱ्याला पंधरा दुपटी आणि दोन मोठ्या गोधड्या तयार असल्या, की फोटो टाकायला सुरुवात करा.