पहिला गेमिंग पीसी घेतोयस? आधी एसएमपीएस बघ

अरे, ग्राफिक्स कार्डाच्या बातम्या वाचून डोकं फिरवून घेऊ नकोस. नवीन कार्ड आलं की जुनं भंगार झालं असं सगळे ओरडतात. त्यातल्या निम्म्यांनी ते हातातही घेतलेलं नसतं.

बजेट कमी असेल तर कार्ड नंतर घे. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं. २०१५ साली पीसीवर आलेला जीटीए ५ हा गेम त्यावर सेटिंग उतरवून आरामात चालतो. फक्त रॅम १६ जीबीची एकच पट्टी घेऊ नकोस, ८-८ च्या दोन घे. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, त्यामुळे दोन पट्ट्यांनी वाट रुंद होते आणि सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स चांगल्याच वाढतात. दुकानदार म्हणेल, 'काही फरक पडत नाही.' पडतो.

एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मात्र कंजूषी नको. मी पहिल्या पीसीत कॅबिनेटसोबत फुकट आलेला लावला होता. मे महिन्यात एका दुपारी फट् आवाज झाला आणि मदरबोर्डही सोबत घेऊन गेला.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात गेलास तर तीन-चार दुकानांत भाव विचार, आणि पक्कं बिल घे. वॉरंटीच्या वेळी तेच लागतं.

आणि हो, १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा मॉनिटर घेतलास तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवड. बऱ्याचदा ते ६० वरच राहतं. माझा एक मित्र आठ महिने तसाच खेळत होता, वर 'काय स्मूथ आहे!' म्हणायचा.