विशेष शिक्षक (दिव्यांग मुलांना शिकवणारा) होऊ पाहणाऱ्यास

प्रवेश घेण्यापूर्वी त्या संस्थेतील अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, हे आपण स्वतः तपासावे, कारण परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार तिच्याकडे नोंदणी झाल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यातील दिव्यांगत्वाचे २१ प्रकार पहिल्याच महिन्यात पाठ करण्याच्या मागे लागू नये (मी लागलो होतो). त्याऐवजी एकाच मुलाचे रोज निरीक्षण करून लिहावे. ‘लक्ष देत नाही’ हे मत झाले, ‘चार मिनिटांनी जागेवरून उठला’ ही नोंद झाली.

मूल अडखळताच त्याचे काम स्वतः पुरे करणे, ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. मनात दहा अंक मोजावेत आणि मगच हात पुढे करावा. वैयक्तिक शिक्षण आराखड्याची (एकेका मुलाच्या गरजेनुसार आखलेल्या शिकवण्याच्या योजनेची) घाई आत्ताच नको.