कबड्डी खेळणाऱ्या मुलीला रग्बीत करिअर करता येईल का?

तुमची भाची यवतमाळच्या खेड्यात राहते, अकरावीत आहे, कबड्डी चांगली खेळते, म्हणून विचारलंत. येईल, आणि कबड्डीचा फायदाच होईल. पकड कमरेखाली घालायची, खांदा आधी लावायचा, हे तिच्या अंगात आहे. नवीन शिकायचं ते म्हणजे हाताने चेंडू फक्त मागे किंवा आडवा द्यायचा. तिथेच बहुतेक मुली अडखळतात. भिंतीवर फेकून सराव करू द्या. टॅकलचा, म्हणजे चेंडू घेऊन पळणारीला पकडून पाडण्याचा सराव मात्र भेगाळलेल्या काळ्या जमिनीवर नको. पऱ्हाटी उपटून नांगरलेलं वावर बरं, धसकटं तेवढी वेचून घ्या. दातांचा गार्ड पहिल्या दिवसापासून हवाच.

सुरुवात सात जणींच्या खेळापासून करा. सात-सात मिनिटांचे दोन डाव असतात, 2016 पासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. पंधरा जणींच्या प्रकारात भारतीय मुलींनी पहिला आंतरराष्ट्रीय विजय 2019 मध्ये सिंगापूरविरुद्ध मिळवला, 21-19. त्याच संघातली स्वीटी कुमारी बिहारच्या बाढची, आधी धावपटू होती. वेग असलेली पोरगी उशिरा आली तरी चालते, ते असं.

पैशाचं स्पष्ट सांगतो: नुसतं रग्बी खेळून घर चालत नाही. शिक्षण सोडू देऊ नका. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण कोणती स्पर्धा धरतात ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधीच विचारा आणि प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवा.