स्मोक कंट्रोल एरियात लाकडाचा स्टोव्ह घ्यायचा आहे, कोणता घ्यावा?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बर्मिंगहॅममध्ये जुनं, चिमणी असलेलं टेरेस घर (ओळीतलं, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागून असलेलं) घेतलंय, कौन्सिलच्या नकाशात पत्ता स्मोक कंट्रोल एरियात, म्हणजे चिमणीतून धूर सोडायला बंधन असलेल्या भागात, येतो, दुकानदार आठ किलोवॅटचा ‘इकोडिझाइन’ स्टोव्ह घ्या म्हणतोय, तर तो चालेल का. एवढंच असतं तर चार ओळींत उत्तर देऊन मोकळी झाले असते. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘तसं लाकडाच्या धुराचं एवढं काय, आपण सगळे चुलीपुढेच तर वाढलो.’ हे वाक्य मी आमच्या घरात इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही.

आधी स्टोव्हचं. इकोडिझाइन आहे म्हणजे स्मोक कंट्रोल एरियात चालतोच असं नाही. 1 जानेवारी 2022 पासून बाजारात येणारा प्रत्येक नवा स्टोव्ह इकोडिझाइनच्या, म्हणजे प्रदूषणाच्या ठरवून दिलेल्या, मर्यादेत असावाच लागतो, त्यामुळे दुकानदार ते कौतुकानं सांगत असेल तर तो तुम्हाला विशेष काहीही देत नाहीये. तुम्हाला हवा आहे तो डेफ्राच्या, म्हणजे सरकारच्या पर्यावरण खात्याच्या, ‘एक्झेम्प्ट अप्लायन्स’च्या (सूट मिळालेल्या उपकरणांच्या) यादीतला. ही यादी सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. त्यात मॉडेलचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा, आणि समोर कोणतं इंधन लिहिलंय तेही वाचा, कारण सूट त्या स्टोव्हला त्याच इंधनासाठी मिळालेली असते.

अक्षर न् अक्षर म्हणते त्याला कारण आहे. आम्ही स्टोव्ह घेतला तेव्हा दुकानातल्या माणसानं छातीठोकपणे सांगितलं, हा यादीत आहे. नवरा कार्ड काढून उभा. मी तिथेच फोनवर यादी उघडली. त्या नावाचा स्टोव्ह होता, पण नावापुढे ‘एसई’ (स्मोक एक्झेम्प्ट) ही दोन अक्षरं होती आणि आमच्या कोटेशनवर ती नव्हती. तो माणूस म्हणाला, एकच आहे हो, नावात काय. मी म्हटलं, एकच असेल तर कोटेशनवर तसं लिहून द्या. मग आत जाऊन कुणाला तरी विचारून आला आणि नवीन कोटेशन दिलं. दोन्ही स्टोव्ह बाहेरून हुबेहूब सारखे. फरक हवेच्या दांडीत. काचेवरून हवा सोडणारी जी सरकती दांडी असते, तिच्या मागे एक छोटासा धातूचा अडथळा बसवलेला असतो, त्यामुळे ती पूर्ण बंद होतच नाही. दांडी बंद करून रात्रभर स्टोव्ह धुमसत ठेवायची सोय त्यात नाही, आणि सूट मिळते ती त्यामुळेच. काही फिटर ‘जास्त वेळ टिकेल’ म्हणून तो काढून द्यायची तयारी दाखवतात. त्यांना दारातूनच परत पाठवा.

आठ किलोवॅटचं म्हणाल तर साफ नाही. इथे सगळे एक साधा हिशोब वापरतात: खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणायची आणि 14 नं भागायचं, साधारण तेवढे किलोवॅट लागतात. तुमच्यासारख्या टेरेस घराची पुढची खोली चार बाय चार, उंची अडीच धरली तर 40 घनमीटर, म्हणजे तीन किलोवॅटही पुरतात. आठ किलोवॅटला 112 घनमीटरची खोली हवी. लहान खोलीत मोठा स्टोव्ह लावला की अर्ध्या तासात घाम फुटतो, मग माणूस हवा कमी करतो, हवा कमी झाली की जाळ मरतो आणि धूर सुरू होतो. चांगला, यादीतला स्टोव्हसुद्धा असा वापरला तर घाणच ओकतो. शिवाय पाच किलोवॅटपर्यंत जुन्या, फटींच्या घरात भिंतीला कायमचं भोक पाडून व्हेंट बसवावा लागत नाही, त्यापुढे लागतो. तेव्हा पाच किंवा त्याहून कमी, यादीतला, एवढं पक्कं धरा. कोणत्या कंपनीचा ते मी सांगणार नाही. यादीत आहे, माप बरोबर आहे, सुटे भाग मिळतात, मग काळा घ्या नाहीतर हिरवा घ्या.

आता चुलीचं.

मी भोर तालुक्यातली. आमच्याकडे गॅस आला तो मी कॉलेजला गेल्यावर, आणि आल्यावरही बरीच वर्षं तो पाहुण्यांच्या चहापुरता. भाकरी चुलीवरच. आई पहाटे उठून फुंकणीनं जाळ करायची, तव्यावरची भाकरी काढून आहारावर, म्हणजे निखाऱ्यांवर, लावायची, वैलावर कालवण. स्वयंपाकघराला एकच झरोका, कौलं काजळीनं काळी. पावसाळ्याआधी सरपण भरून ठेवायची तिची घाई मला अजून आठवते. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघायची. ठण्ण वाजली तर आत, ढप्प वाजली तर परत उन्हात. ओल्या लाकडानं कसा जीव जातो हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तरी आषाढात सरपण संपत आलं की ओलं घालावंच लागायचं आणि मग ती खोकत, डोळे पुसत बसायची.

साठीत तिला दम लागायला लागला. पुण्याला नेलं. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं, कागद बघितला आणि तिला विचारलं, ‘आजी, मिश्री-बिडी काही?’ तिनं आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही. ती माझ्याकडे बघायला लागली, जणू काहीतरी लपवलंय असा आळ आलाय. मी सांगितलं, चूल. डॉक्टर म्हणाले, मग बरोबर आहे. फुप्फुसं बिडी ओढणाऱ्यासारखी झालीत. त्यानंतर पंप सुटला नाही.

म्हणून ‘आपण चुलीपुढेच वाढलो’ असं कुणी म्हटलं की मी पहिला प्रश्न विचारते: पुढे म्हणजे कुठे? चुलीपुढे बसायची बाई. बाकीचे जेवायला यायचे.

हा आमच्या घरातला जुना वाद आहे आणि तो माझ्या दिराशी आहे. भाऊजी इथून तासाभरावर राहतात, बाग मोठी. त्यांनी बागेतलं सायकामोरचं झाड पाडलं आणि गाडी भरून ओंडके आमच्याकडे आणले. फुकट लाकूड, वहिनी, हिवाळाभर पुरेल. मी विचारलं, पाडलं कधी? म्हणाले, वसंतात. तेव्हा ऑक्टोबर चालू होता. म्हटलं, मग हे पुढच्या वर्षीही जळणार नाही कदाचित, बाहेर रचून ठेवू. त्यावर ते सुरू झाले. लाकूड ते लाकूड. तुम्ही इंग्रजांपेक्षा इंग्रज झालात. आणि शेवटी ठेवणीतलं: आपले आजोबा चुलीच्या धुरात नव्वद वर्षं जगले.

मी म्हटलं, आजोबा ओसरीवर बसायचे, भाऊजी. धुरात आजी बसायच्या. त्या कितीव्या वर्षी गेल्या?

त्या साठीही न गाठता गेल्या, दम लागून. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. भाऊजी काही बोलले नाहीत, पण पटलं असंही म्हणाले नाहीत. तेव्हा मी त्यांच्यासमोर अंगणात कुऱ्हाड घेऊन एक ओंडका मधोमध फोडला. बाहेरची साल वाळलेली, भेगा पडलेल्या, कुणालाही वाटावं सुकलंय. आतला भाग हाताला गार लागत होता. ओलावा मोजायच्या यंत्राच्या दोन सुया त्या ताज्या फोडलेल्या बाजूवर टोचल्या. आकडा आला 33. मग बाहेरच्या टोकाला टोचून दाखवलं, तिथे 17. बहुतेक जण बाहेरच टोचतात आणि सुकं आहे म्हणून खूश होतात. यंत्र वीसेक पौंडांत मिळतं, जरूर घ्या, पण लाकूड फोडून आतच बघा. आकडा 20 च्या आत हवा.

या 20 ला कायदाही आहे. इंग्लंडमध्ये 1 मे 2021 पासून दोन घनमीटरपेक्षा कमी लाकूड विकायचं तर ते 20 टक्के किंवा कमी ओलाव्याचं असावं लागतं आणि पोत्यावर ‘रेडी टू बर्न’ची खूण असते. त्याच दिवसापासून पोत्यातला साधा दगडी कोळसा विकायला बंदी आली, 2023 च्या मे महिन्यापासून सुट्यालाही. दोन घनमीटर किंवा जास्त घेतलं तर ओलं लाकूडही मिळू शकतं, ते वाळवायचं काम तुमचं. भाऊजींसारख्यांनी फुकट दिलेल्या लाकडाला खूण नसते. त्याचा धूर मात्र तुमच्याच चिमणीतून निघतो आणि दंड तुम्हालाच होतो: 175 ते 300 पौंड. यादीत नसलेल्या स्टोव्हसाठी मान्यता नसलेलं इंधन विकत घेतलं तर 1,000 पौंडांपर्यंत.

ओल्या लाकडानं एवढं का बिघडतं, तर धूर म्हणजे न जळलेलं लाकूडच. लाकूड तापलं की त्यातून वायू निघतात आणि खरा जाळ त्या वायूंचा असतो. नव्या स्टोव्हमध्ये मागच्या पत्र्याला बारीक भोकं असतात, त्यांतून तापलेली हवा वर सोडून हे वायू जाळले जातात. नीट पेटलेल्या स्टोव्हमध्ये त्या भोकांपाशी जाळाच्या जिभा दिसतात. पण त्यासाठी आत प्रचंड उष्णता लागते. लाकूड ओलं असलं की ती उष्णता पाणी उकळण्यात जाते, वायू तसेच वर निघून जातात आणि थंड चिमणीत डांबर होऊन चिकटतात. पुढे ते डांबर पेट घेतं. काच काळी पडायला लागली तर काचेला दोष देऊ नका, लाकूड बघा.

पेटवायची रीतही चुलीच्या उलट. मोठी ढलपी खाली, काटक्या वर, वरून पेटवायचं. भाऊजींना हे अजून पटत नाही. ते खाली कागद घालून पेटवतात आणि पहिली दहा मिनिटं त्यांच्या गल्लीला धूर खायला लावतात. तुमच्याकडे कुणी असे असतील तर त्यांना काडेपेटी देऊ नका.

बसवायचं काम हेटास (स्टोव्ह बसवणाऱ्यांची नोंदणी ठेवणारी संस्था) नोंदणीच्या माणसाकडूनच करून घ्या, प्रमाणपत्र मागून घ्या, घर विकताना वकील पहिलं तेच विचारतो. चिमणीत स्टीलचं लाइनर, म्हणजे आतून बसवायची नळी, घालावं लागलं तर 904 ग्रेडचं घाला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्याच खोलीत सक्तीचा. चिमणी वर्षातून एकदा तरी साफ करून घ्या.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. हे सगळं केलं तरी लाकडाचा स्टोव्ह गॅसइतका स्वच्छ होत नाही, जवळपासही जात नाही. इंग्लंडच्या चीफ मेडिकल ऑफिसरच्या 2022 च्या अहवालात सुकं लाकूड जाळणारा इकोडिझाइन स्टोव्हसुद्धा गॅसच्या हीटिंगच्या 450 पट सूक्ष्म कण सोडतो असं दाखवलंय. घरात दम्याचं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर माझा सल्ला सरळ आहे: घेऊ नका. बॉयलर नीट चालत असेल आणि फक्त शोभेसाठी हवा असेल तरीही घेऊ नका. आमच्याकडे आहे तो आधीच्या घरमालकाच्या उघड्या फायरप्लेसच्या जागी आला. आम्ही थंडीच्या काही संध्याकाळी लावतो, आणि दार उघडून लाकूड टाकताना खोलीत धूर आला की मी त्या दिवशी पुन्हा लावू देत नाही. नियम मी सांगितले ते इंग्लंडचे. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये दंड आणि पद्धत वेगळी आहे. टेरेस घर लीजवर असेल तर चिमणीला हात लावण्याआधी लीज वाचा.

आणखी एक. तुमच्या प्रश्नात ‘मला हवाय’, ‘माझी इच्छा आहे’ असं सगळं आहे, घरातल्या इतरांचं मत कुठेच दिसत नाही. सकाळी गुडघ्यावर बसून राख काढणार कोण, लाकडं आत आणणार कोण, काच पुसणार कोण, हे पैसे भरायच्या आधी ठरवा. तुम्हीच करणार असाल तर यादी उघडा आणि पाच किलोवॅटच्या खालचे बघायला लागा. ते काम वहिनींच्या गळ्यात पडणार असेल तर मॉडेल त्यांनाच निवडू द्या, आणि त्या नको म्हणाल्या तर विषय तिथेच थांबवा.